बिॲट्रिक्स पॉटर यांचें दप्तर व लिंडर यांचा संग्रह

लहान मुलांचीं चित्रपुस्तकें म्हणजे कागदपत्रांच्या अभ्यासकाचा विषय नव्हे, असा एक समज आपल्या संशोधकवर्गांत रूढ आहे. इंग्लंडांतील चित्रकर्त्री व लेखिका बिॲट्रिक्स पॉटर (१८६६–१९४३) यांच्या कागदांची हकीकत वाचल्यावर तो समज टिकणें कठीण आहे. या हकीकतींत सांकेतिक लिपींतलें बाड आहे, तें उलगडणारा चिकाटीचा गृहस्थ आहे, अस्सल कागद चार ठिकाणीं पांगल्याची अडचण आहे, आणि छापून निघालेला कागद पुन्हां ‘सांपडल्याचा’ गाजावाजाहि आहे. हे प्रकार आमच्या वाचकांस अगदींच अपरिचित वाटणार नाहींत. म्हणून लेस्ली लिंडर यांनीं उलगडून १९६६ सालीं प्रसिद्ध केलेली पॉटरबाईंची रोजनिशी, त्यांनींच १९७१ सालीं लिहिलेला बाईंच्या लेखनाचा इतिहास, आणि या दोहोंच्या बुडाशीं असलेला संग्रह यांचें परीक्षण येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

लिंडर हे पेशानें यंत्रज्ञ. ना साहित्यिक, ना ग्रंथपाल. बाईंच्या मृत्यूनंतर त्यांनीं त्यांचीं चित्रें, मसुदे, पत्रें, जें मिळेल तें जमविण्यास आरंभ केला. १९५५ सालीं आपली बहीण एनिड हिच्या साहाय्यानें बाईंच्या चित्रकलेवर एक ग्रंथ काढला, आणि १९७३ सालीं मृत्युपत्रानें सुमारें २,१५० नग लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयास दिले. ही व्यवस्था फार उचित झाली. पॉटरबाईंचें बालपण व तारुण्य त्याच साउथ केन्सिंग्टन भागांत गेलें. ‘ग्लॉस्टरचा शिंपी’ या १९०३ च्या पुस्तकांतील अठराव्या शतकाचे कशिद्याचे पोशाख त्यांनीं याच संग्रहालयांतील अस्सल वस्त्रांवरून रेखाटले. परंतु त्याच पुस्तकाचे कागद पाहूं गेल्यास केवढी पांगापांग! वस्त्रें या संग्रहालयांत. छापील पुस्तकाचीं २२ रंगचित्रें लंडनच्याच टेट कलासंग्रहांत. आणि १९०१ च्या नाताळांत फ्रीडा मूर या मुलीस दिलेली सचित्र हस्तलिखित वही अमेरिकेंत, फिलाडेल्फियाच्या सार्वजनिक ग्रंथालयांत. अळंब्यांचीं शेंकडों चित्रें तर ॲम्बलसाइडच्या आर्मिट संस्थेंत आहेत. संग्रहालयाच्या संग्रहाची सूचि १९८५ सालीं निघाली. पण एका घरची सूचि ती एका घरचीच. चारहि ठिकाणचे कागद एका पुस्तकाखालीं मांडून ताडून पाहण्याची सोय तिच्यांत असणें शक्य नव्हतें.

आतां रोजनिशीविषयीं. १९५२ सालीं निअर सॉरी येथील बाईंच्या घरांत त्यांच्या एका नातलग बाईंस सुट्या कागदांचा व वह्यांचा एक गठ्ठा मिळाला. त्यांतील अक्षरें कोणासच लागेनात. लिंडर यांनीं त्यांवर कित्येक वर्षें घालविलीं. शेवटीं १९५८ च्या ईस्टरच्या सोमवारीं, आतां हा अखेरचा यत्न, असें मनाशीं ठरवून ते बसले असतां एका पानावर सोळा हा रोमन आंकडा व १७९३ हा सन त्यांच्या दृष्टीस पडला. मुलांच्या ज्ञानकोशाच्या सूचींत पाहतां फ्रान्सचा राजा सोळावा लुई याचा शिरच्छेद त्या सालचा निघाला. त्यावरून देहांतशिक्षेचा वाचक इंग्रजी शब्द त्याच ओळींत ओळखूं आला, आणि मध्यरात्रीपर्यंत जवळजवळ सर्व वर्णमाला हातीं आली.

येथें एक गोष्ट आमच्या वाचकांनीं अवश्य लक्षांत घ्यावी. ही लिपि मुळांत अवघड नाहीं. एका अक्षराबद्दल दुसरें चिन्ह योजावयाचें, इतकाच तिचा नियम. शिवाय इंग्रजींत ‘टू’ असा उच्चार असणाऱ्या शब्दांसाठीं दोनाचा आंकडा घालण्यासारख्या कांहीं सवडी. मग इतकीं वर्षें कां लागावीं? कारण, अडचण संकेताची नसून हाताची होती. प्रारंभींचें अक्षर संथ व सुटें आहे. पुढें तें अत्यंत बारीक व वेगाचें होत गेलें. आपल्याकडे मोडीचा अभ्यास करणारा मनुष्य वर्णमाला आठ दिवसांत शिकतो आणि एखाद्या कारकुनाच्या घसटीपुढें महिनेच्या महिने अडतो, तोच हा प्रकार. आणि जी किल्ली सांपडली, तीहि अक्षरांत नव्हे तर सनांत. मितीचा आधार घेऊन अपरिचित मजकुरांत शिरण्याची ही रीत आमच्या परिचयाचीच आहे.

वर्णमाला सुटल्यानंतरचें लिंडर यांचें काम आम्हांस अधिक मोलाचें वाटतें. १८८१ पासून १८९७ पर्यंतचा सुमारें दोन लक्ष शब्दांचा मजकूर त्यांनीं अक्षरशः उतरला, आणि त्यांत आलेल्या माणसांचा, स्थळांचा व चित्रांचा माग काढून रुजुवात केली. बाईंचे वडील रूपर्ट पॉटर यांचा प्रसिद्ध चित्रकार मिले यांच्याशीं स्नेह होता. त्यामुळें चित्रशाळांतील गोष्टी, प्रदर्शनांतील चित्रांवरील परखड अभिप्राय, खार्टूम येथें गॉर्डन पडल्याची वार्ता, असें नानाविध त्यांत आलें आहे. मात्र जेथें या रोजनिशीची अत्यंत गरज, तेथेंच ती थांबते. अळंब्यांच्या बीजकणांविषयीं बाईंनीं लिहिलेला निबंध १ एप्रिल १८९७ रोजीं लिनीअन सोसायटींत सादर झाला. स्त्रियांस त्या सभेंत प्रवेश नसल्यानें तो दुसऱ्यानें मांडावा लागला. पुढें तो बाईंनीं परत घेतला व मूळ प्रत नष्टप्राय झाली. रोजनिशी त्याच वर्षाच्या जानेवारींत संपते.

छापील रोजनिशीविषयीं आमची एक तक्रार आहे. छापील पान सर्वत्र सारखेंच दिसतें. हात कोठें मंदावला, कोठें घाई झाली, कोणत्या वर्षापासून अक्षर मुंगीएवढें झालें, हें वाचकास प्रत्येक भागाशीं कळावयास हवें होतें; कारण ज्या कागदानें आपल्या वाचकास सहा वर्षें दाद दिली नाहीं, त्याचें बाह्यस्वरूप हाच त्याचा अर्धा इतिहास होय. दुसरा प्रश्न नाजूक आहे. जें बाईंनीं लपवून लिहिलें तें उघडें करावें काय? मृत्यूच्या थोडेच दिवस आधीं, १९४३ च्या नोव्हेंबरांत, बाईंनीं आपल्या एका चुलतबहिणीस या लेखनाविषयीं कळविलें होतें, आणि आतां तें आपल्यालाच भिंग लावूनहि वाचतां येत नाहीं असें त्यांत म्हटलें होतें. या उद्गारांत विनोद आहे, संकोच नाहीं. जाळावयाचे असते तर कागद जाळण्यास त्यांना कोणी अडविलें नव्हतें. लिंडर यांनीं मर्यादाभंग केला असें आम्हांस वाटत नाहीं.

१९७१ चा लेखनेतिहास हा मात्र आमच्या मतें लिंडर यांचा खरा ग्रंथ. ‘पीटर रॅबिट’ची कथाच पाहावी. ४ सप्टेंबर १८९३ रोजीं स्कॉटलंडांतील डंकेल्ड येथून बाईंनीं आपल्या पूर्वीच्या शिक्षिकेच्या आजारी मुलास, नोएल मूर यास, एक सचित्र पत्र लिहिलें. मुलानें तें जपून ठेविलें. म्हणून कांहीं वर्षांनीं बाईंस तें उसनें मागून आणतां आलें. एका लहान मुलाच्या जतनबुद्धीवर एवढें पुस्तक तरलें! प्रकाशकांनीं नाकारल्यावर डिसेंबर १९०१ मध्यें बाईंनीं २५० प्रती स्वखर्चानें छापिल्या. आंतील चित्रें केवळ काळ्या रेषांचीं. चित्रें रंगीत करण्याच्या अटीवर फ्रेडरिक वॉर्न यांनीं ऑक्टोबर १९०२ मध्यें तें प्रसिद्ध केलें, आणि १९०३ सालीं मुखपृष्ठालगतच्या कोऱ्या पानांवर चित्रें घालावयास जागा हवी म्हणून आंतील चार चित्रें गाळलीं. हीं चित्रें पुस्तकांत परत यावयास २००२ साल उजाडलें. रंगीत आवृत्तीपेक्षां खासगी प्रतींतील रेषा मूळ पत्राच्या अधिक जवळची आहे, असा आमचा स्पष्ट अभिप्राय आहे. परंतु ज्यांनीं पत्र, खासगी प्रत व विक्रीची प्रत शेजारीं ठेवून पाहिली नाहींत त्यांना तो पटविणें कठीण.

याच ग्रंथाची उपेक्षा कशी झाली तें पाहण्यासारखें आहे. १९१४ च्या सुमारास बाईंनीं बूट घालून शिकारीस जाणाऱ्या एका काळ्या मांजरीची गोष्ट लिहिली होती. आदल्याच वर्षीं झालेला विवाह, महायुद्ध वगैरे कारणांनीं ती मागें पडली. एकच रंगचित्र व एका खलपात्राचें कच्चें रेखाटन एवढेंच तिचें चित्रकाम झालें. लिंडर यांनीं १९७१ सालीं या गोष्टीचा मसुदा आपल्या ग्रंथांत दिला, आणि वह्या १९७३ पासून संग्रहालयांत होत्या. असें असतां बाईंच्या जन्मास दीडशें वर्षें झालीं त्या सुमारास, २०१६ सालीं, ‘हरवलेली गोष्ट सांपडली’ अशी जगभर हाकाटी झाली. प्रकाशनसंस्थेच्या संपादिकेस ती वाट दाखविली लिंडर यांच्याच ग्रंथानें. जें छापलें गेलें आहे व ज्याची नोंद आहे, तें हरवलें कसें? तें न वाचलेलें होतें, इतकेंच म्हणतां येईल.

त्या वर्षीं निघालेल्या पुस्तकांत चित्रें क्वेंटिन ब्लेक यांनीं काढलीं. ब्लेक हे आपल्या परीनें थोर चित्रकार; त्यांची झपाट्याची, थरथरती रेषा मुलांस आवडते यांत नवल नाहीं. परंतु पॉटरबाईंचे प्राणी आधीं प्राणी असतात, मग कपडे घालतात. त्यांच्या मांजरीच्या पंजाचें हाड खरें असतें. ती शिस्त ब्लेक यांची नव्हे, व त्यांनीं तसा आवहि आणलेला नाहीं. मुलांसाठीं पुस्तक हवें होतें, तें झालें. अभ्यासकासाठीं मात्र ते तीन मसुदे, तें एक रंगचित्र व तें रेखाटन, जसेंच्या तसें, एकाच वेष्टणांत छापून निघणें अगत्याचें आहे. तोंपर्यंत लिंडर यांच्या १९७१ च्या ग्रंथाची जुनी प्रत कोणास आढळल्यास ती त्यांनीं हातची सोडूं नये.