कोंबडीचे मत कोण विचारणार?

रूथ हॅरिसन यांच्या ‘ॲनिमल मशीन्स’ (१९६४) या पुस्तकाने इंग्लंडमध्ये खळबळ उडाली आणि सरकारने प्राणिशास्त्रज्ञ ब्रॅम्बेल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बंदिस्त जनावराला निदान उठता, आडवे होता, वळता, अंग साफ करता आणि हातपाय ताणता यावेत, ही तिच्या १९६५च्या अहवालातील मागणी आजही पटते.

पण याच अहवालात एक कच्चा दुवा आहे. पिंजऱ्याच्या तळाशी बारीक षट्कोनी जाळी नको, ती कोंबडीच्या पायांना त्रासदायक असते, जाड तारेची जाळी बरी, असे समितीने सुचवले. हा झाला माणसाचा अंदाज. १९७३ साली ह्यूज आणि ब्लॅक यांनी निवड कोंबड्यांवरच सोपवली. त्यांनी पसंत केली ती बारीक जाळी! तिच्यावर पायाला जास्त ठिकाणी आधार मिळतो.

म्हणजे समितीची कळकळ व्यर्थ होती का? नाही. कळकळीमुळेच प्रश्न पुढे आला. उत्तर मात्र तपासून घ्यायला हवे होते. प्रयोगालाही मर्यादा आहेच. दोन जाळ्यांतून एक निवडली, म्हणून कोंबडीला पिंजरा आवडतो असे ठरत नाही. पिंजरा असावा की नसावा, हे शेवटी माणसालाच नीतीच्या कसोटीवर ठरवावे लागते. युरोपीय संघात २०१२पासून जुन्या पद्धतीच्या बॅटरी पिंजऱ्यांवर बंदी आली, ती अशाच निर्णयातून.

वर्गात या विषयावर चर्चा घेताना दोन प्रश्न वेगळे ठेवावेत: प्राण्याला काय हवे आहे, आणि आपण त्याला काय देणे लागतो?