कथासरित्सागरातील अद्भुताचे प्रमाण

अद्भुतकथेचे परीक्षण करताना तीत जादू आहे किंवा नाही, एवढेच पाहून भागत नाही. ती कितीजणांच्या हाती आहे आणि तिची मजल कोठवर गेली आहे, हेही पाहावे लागते. काश्मीरच्या सोमदेवाने ११ व्या शतकात राणी सूर्यमतीसाठी रचलेला, १८ लंबकांचा व १२४ तरंगांचा ‘कथासरित्सागर’ या दृष्टीने चिंतनीय आहे. त्यात अद्भुताची नुसती रास आहे, हा आक्षेप कितपत टिकतो, हा खरा प्रश्न होय.

या ग्रंथात अलौकिक सामर्थ्याच्या तीन पातळ्या आढळतात. विद्याधरांना आकाशगमन व रूपांतर जणू जातिसिद्ध असते. मनुष्याला त्यासाठी स्मशानसाधना करावी लागते. वेताळकथांतील भिक्षू क्षांतिशील ती विद्याधरांच्या आधिपत्यासाठीच आरंभतो आणि प्राणास मुकतो. तिसरी पातळी मयासुरापासून आलेल्या यंत्रविद्येची. कांचीचा सुतार राज्यधर एका ओसाड नगरात लाकडी माणसे निर्माण करतो.

मात्र सामर्थ्य विपुल असूनही समाजरचना पालटत नाही. व्यापाऱ्यांची गलबते बुडतच राहतात. यौगंधरायणापाशी रूप पालटण्याचा मंत्र आहे. तथापि वासवदत्ता जळाल्याची खोटी वार्ता पसरविल्यावाचून त्याचा डाव सिद्धीस जात नाही. जेथे विद्या सर्वांपाशी आहे, त्या विद्याधरलोकातही अपहरण, वैर आणि राज्यलोभ मर्त्यलोकाप्रमाणेच नांदतात. वेगवती मदनमंचुकेचे रूप घेऊन नरवाहनदत्ताशी विवाह करते, तेव्हा विद्येच्या सार्वत्रिकतेने ओळखीवरचा विश्वासच डळमळतो.

यावरून ही केवळ रास नव्हे, असे म्हणणे प्राप्त होते. सामर्थ्य वाढले तरी वासना तीच राहते, हे सूत्र तीत आहे आणि शाप हा त्या सामर्थ्याचा नियामक आहे. आक्षेपाला खरा आधार मिळतो तो अन्यत्र. जन्म वा तप यांवाचून, केवळ शिकून हस्तगत होणारी विद्या म्हणजे यंत्रविद्या. समाज पालटण्याची शक्यता तिच्यातच सर्वाधिक होती. परंतु प्राणधराचे यांत्रिक हंस राजकोषातील रत्ने चोरण्यापुरतेच उरतात आणि त्याचा भाऊ राज्यधर याचे काष्ठनगर नायकाच्या प्रवासातील एक मुक्काम ठरते. सोमदेवाची कल्पकता येथे उणी पडली नाही. तिचा पाठपुरावा मात्र झाला नाही.