काळोखाचा रंग

२८ जून २००८ रोजी पॅरिसमधल्या ब्लिझर्ड कंपनीच्या मेळाव्यात ‘डायब्लो ३’ हा व्हिडिओ गेम पहिल्यांदा पडद्यावर आला. दुसरा भाग येऊन आठ वर्षं लोटली होती. तो घडवणारा ब्लिझर्ड नॉर्थ हा स्टुडिओ मधल्या काळात बंदही झाला होता, त्यामुळे तिसऱ्या भागाची आशा अनेकांनी सोडून दिली होती. पडद्यावर एक रानटी योद्धा सांगाड्यांची फौज कापत तळघरं पार करू लागला आणि शेवटी एका अजस्र राक्षसाने माणसाचं मुंडकं दातांनी तोडलं. सभागृह टाळ्यांनी दणाणलं. पण पुढच्या काही दिवसांत जी तक्रार उठली तिचा रक्ताशी, राक्षसांशी किंवा खेळाच्या नियमांशी काही संबंध नव्हता. गवत फार हिरवं आहे, असं चाहत्यांचं म्हणणं होतं.

ते अगदी मनापासून म्हणत होते. तळघरातला उजेड हिरवट-निळसर का? उघड्या माळावर इतकी टवटवी कशाला? आणि धबधब्याजवळ चक्क इंद्रधनुष्य? निवेदन निघालं आणि त्यावर पाहता पाहता ५० हजारांहून जास्त सह्या झाल्या. मागणी एकच होती, ‘डायब्लो’ पुन्हा काळोखात न्या.

हा हट्ट समजून घ्यायचा तर पहिला ‘डायब्लो’ आठवावा लागतो. १९९६ च्या अखेरीस आलेल्या त्या गेममध्ये ट्रिस्ट्रम नावाचं एक उजाड गाव आहे, गावात पडीक चर्च आहे आणि चर्चच्या पोटात एकाखाली एक असे १६ मजले. खेळणारा जसजसा खाली जातो तसतसं दगडी बांधकाम संपून गुहा लागतात आणि तळाशी प्रत्यक्ष नरक. गावात गिटार वाजत असते, पण ती ऐकूनही हुरहुर लागते. ज्यांनी कोवळ्या वयात, रात्री दिवा मालवून हा गेम खेळला, त्यांच्या अंगावरचा तो काटा पुढे कायमचा ‘डायब्लो’ या नावाला चिकटला.

२००८ मध्ये काही चाहत्यांनी नुसती तक्रार केली नाही, तर कंपनीने दिलेले स्क्रीनशॉट फोटोशॉपमध्ये घालून दुरुस्त करून दाखवले. मूळ चित्र आणि दुरुस्त चित्र शेजारी ठेवून पाहिलं की सगळा वाद डोळ्यांसमोर उभा राहतो. मूळ चित्रातली हिरवळ दुरुस्त चित्रात मातकट झाली आहे. निळसर धुकं गेलं आहे, कडा धारदार झाल्या आहेत, चित्राचे कोपरे काळे केले आहेत आणि नायकाभोवती कंदिलासारखा पिवळा उजेड पसरला आहे. दुरुस्त चित्र भारी दिसतं, हे कबूल करावंच लागेल. भिंतीवर लावायला द्यायचं तर दहातले नऊ जण तेच निवडतील.

पण गेम भिंतीवर लावायचा नसतो. तेव्हाचे मुख्य डिझायनर जे विल्सन यांनी नेमकं हेच उत्तर दिलं. या गेममध्ये पडद्यावर एका वेळी वीस-तीस राक्षस धावून येतात. त्यांतला कोण बाण मारतो, कोण मेलेल्यांना उठवतो, आधी कोणाला टिपायचं हे खेळणाऱ्याला पापणी लवायच्या आत कळावं लागतं. करड्या जमिनीवर करडे राक्षस सोडले तर एक चित्र देखणं होईल, पण शंभर तास खेळणं ही शिक्षा होईल. विल्सन यांचा मुद्दा कारागिराचा होता आणि तो खोडून काढणं सोपं नाही.

तरीही तेवढ्याने वाद मिटत नाही. चाहत्यांच्या मनातला जुना ‘डायब्लो’ आणि प्रत्यक्षातला जुना ‘डायब्लो’ यांच्यातलं अंतर कोणी मोजलंच नव्हतं.

२००० साली आलेला दुसरा भाग आज पुन्हा उघडून पाहावा. पहिल्या अंकात हिरवा माळ आहे, त्यावर पाऊस पडतो. दुसऱ्या अंकात लख्ख उन्हातलं वाळवंट, तिसऱ्यात दाट जंगल. रत्नं झगझगीत लाल, जांभळी. दुर्मीळ वस्तूंची नावं पिवळ्या, हिरव्या, सोनेरी अक्षरांत चमकतात. हा सगळा संसार फक्त २५६ रंगांत थाटलेला आहे, पण तो मुळीच करडा नाही. मग ती भीती कुठून येत होती?

उजेडातून. ‘डायब्लो २’ मध्ये नायकाभोवती उजेडाचं एक वर्तुळ असतं आणि वर्तुळाबाहेर गडद काळोख. तळघरात शिरल्यावर पुढचं दार दिसण्याआधी त्यामागची गुरगुर कानावर येते, नायक दोन पावलं टाकतो आणि वर्तुळाच्या काठावर अचानक एक हात, मग दात, मग अख्खा राक्षस उगवतो. हे वर्तुळ थोडं रुंद करणारी चिलखतं आणि अंगठ्याही गेममध्ये सापडतात. चार हात लांबचं जास्त दिसावं यासाठी माणूस दुसऱ्या एखाद्या ताकदीवर पाणी सोडायचा का, असा तो सौदा. तिथे उजेडाला किंमत होती. तिसऱ्या भागात सगळं जग त्रिमितीय झालं, प्रकाशयोजना सुधारली आणि खोलीचा बराचसा भाग आत पाऊल टाकताच दिसू लागला. रंग वाढले म्हणून गेम सौम्य वाटला असं चाहत्यांना वाटत राहिलं, पण खरा बदल न दिसणाऱ्या जागेत झाला होता. दुरुस्त चित्रांत त्यांनी नायकाभोवती उजेडाचं कडं काढलं होतं ते उगाच नाही. हाताला बरोबर कळलं होतं. तोंडाने मात्र गवताचं नाव घेतलं.

त्यांचं आणखी एक दुखणं खरं होतं आणि कंपनीने त्याकडे पुरेसं लक्ष दिलं नाही. ते रेखाटनाचं. ब्लिझर्डच्याच ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने २००४ पासून एक घराणं रूढ केलं होतं. डोक्याएवढे खांदेपट्टे, ढालीएवढे तळहात, हाताने रंगवलेल्यासारखे पृष्ठभाग. त्यामागे भक्कम कारणं होती. साध्यासुध्या संगणकावर गर्दीची लढाई चालली पाहिजे आणि लांबून नुसत्या आकारावरून कोण कोण आहे ते ओळखू आलं पाहिजे. तिथे ही शैली शोभली, इतकी की आज वीस वर्षांनंतरही तो खेळ केविलवाणा दिसत नाही. पण तेच फुगीर खांदे ‘डायब्लो’त आले की माणसाचं शरीर दुबळं, मरणाधीन वाटेनासं होतं. ज्याच्या खांद्यावर दोन रांजण बसतील त्याच्यासाठी कोणाचा जीव कासावीस होणार? चाहत्यांनी हे ‘वॉरक्राफ्टसारखं दिसतं’ एवढ्या दोन शब्दांत सांगितलं आणि ते बरोबर होतं.

मे २०१२ मध्ये गेम बाजारात आला. पहिल्या २४ तासांत ३५ लाख प्रती खपल्या, आणि रंगांवरून फारसं कोणी भांडलं नाही. लोक भांडले ते सर्व्हरशी जोडणी होईना म्हणून आणि वस्तूंच्या लिलावघराने खेळातली मजा घालवली म्हणून. घडवणाऱ्यांनी मात्र जुना वाद लक्षात ठेवला होता. गेममध्ये व्हिम्सीशायर नावाची एक गुप्त जागा आहे. तिथे हसरे ढग आहेत, इंद्रधनुष्य आहे, टेडी अस्वलं आणि युनिकॉर्न अंगावर येतात आणि मारले की रक्तबंबाळ होतात. तिथे पोचायला जी काठी बनवावी लागते, तिच्या सामानात ‘द्रवरूप इंद्रधनुष्य’ हाही एक जिन्नस आहे.

असाच प्रकार जपानमध्ये २००८ च्या सात वर्षं आधी घडला होता, आणि तिथे घडवणाऱ्यांनी आणखी मोठी जोखीम घेतली होती. निन्टेंडोने २००० च्या ऑगस्टमध्ये गेमक्यूब या नव्या यंत्राची ताकद दाखवायला ‘झेल्डा’ या गेममालिकेचा एक छोटा तुकडा दाखवला. त्यात नायक लिंक आणि खलनायक गॅननडॉर्फ यांचं तलवारयुद्ध होतं, वास्तवदर्शी, उग्र. पुढचा ‘झेल्डा’ असाच असणार हे चाहत्यांनी मनात पक्कं केलं. वर्षभराने पडद्यावर आला तो भोपळ्याएवढ्या डोक्याचा, बशीएवढ्या डोळ्यांचा एक चिमुरडा लिंक. अमेरिकेतल्या चाहत्यांना तर तो विश्वासघात वाटला. ‘सेल्डा’ हे टोपणनाव तेव्हाच पडलं, कारण तंत्र सेल शेडिंगचं होतं. म्हणजे वस्तूवर पडणारा उजेड हळूहळू विरघळू द्यायचा नाही, त्याचे दोन-तीन ठळक पट्टे पाडायचे, म्हणजे त्रिमितीय आकृती हाताने काढलेल्या व्यंगपटासारखी दिसते.

तो गेम, ‘द विंड वेकर’, डिसेंबर २००२ मध्ये जपानमध्ये आणि मार्च २००३ मध्ये अमेरिकेत आला. खेळायला बसल्यावर त्या बशीएवढ्या डोळ्यांचं प्रयोजन कळतं. लिंक खोलीत शिरतो आणि त्याची बुबुळं आपोआप एका कोपऱ्याकडे वळतात. तिथे एखादी कळ असते, किंवा वरच्या झरोक्यात बसलेला शत्रू. खेळणाऱ्याला बाण किंवा खूण दाखवावी लागत नाही, नायकाच्या नजरेमागे जायचं एवढंच. आजी आजारी पडते, बहीण पळवली जाते, तेव्हाचे त्या चेहऱ्यावरचे भाव दुसऱ्या कुठल्याही ‘झेल्डा’त इतके थेट भिडत नाहीत. वास्तवदर्शी चेहऱ्यात हे तेव्हाच्या यंत्रांवर जमलंच नसतं. दिग्दर्शक एइजी आओनुमा यांच्या चमूने शैली आधी ठरवून खेळ तिच्यात कोंबला नाही. शैलीने जे शक्य केलं ते खेळात उतरवलं.

चाहत्यांचं म्हणणं निन्टेंडोने ऐकलंही. २००४ मध्ये लॉस एंजेलिसच्या ई-३ प्रदर्शनात वास्तवदर्शी ‘झेल्डा’चा ट्रेलर लागला तेव्हा प्रेक्षकांतली मोठी माणसं अक्षरशः ओरडत उभी राहिली आणि मंचावर शिगेरू मियामोतो ढाल-तलवार घेऊन आले. तो गेम, ‘ट्वायलाइट प्रिन्सेस’, २००६ मध्ये आला. आज दोन्ही शेजारी लावून पाहिले तर ‘ट्वायलाइट प्रिन्सेस’चे चेहरे मेणाचे वाटतात, पोत धुरकट वाटतात. ‘विंड वेकर’च्या लाटा मात्र काल रंगवल्यासारख्या ताज्या आहेत. वास्तवाची बरोबरी करू पाहणारं चित्र पुढच्या यंत्रासमोर हरतंच. ज्याने ती शर्यत लावलीच नव्हती ते टिकतं. २०१७ च्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये निन्टेंडोने मोकळ्या हवेत बसून रंगवलेल्या निसर्गचित्रांचा मऊपणा आणि पट्ट्यांचा उजेड यांची सांगड घातली. त्यावर फारसं कोणी भांडलं नाही.

सगळे वाद इतके फलदायी नसतात. २०२२ मध्ये ‘रिटर्न टु मंकी आयलंड’ची कोनदार, कागद कापून चिकटवल्यासारखी चित्रं पाहून चाहत्यांनी रॉन गिल्बर्ट यांच्यावर इतकी चिखलफेक केली की स्वतःच्याच गेमबद्दल जाहीरपणे लिहिणं त्यांनी थांबवलं. ही मालिका त्यांनीच १९९० मध्ये सुरू केली होती. जन्मदात्यालाच ‘हे तुमचं नव्हे’ असं सांगण्यापर्यंत मालकी हक्काची भावना गेली की तिला प्रेम म्हणणं कठीण होतं. जून २०२४ मध्ये ‘ड्रॅगन एज : द व्हेलगार्ड’च्या पहिल्या ट्रेलरवरही असाच गदारोळ झाला. पात्रं गुळगुळीत आणि बालिश दिसतात अशी ती ओरड होती.

आणि ‘डायब्लो’? २०१९ मध्ये चौथ्या भागाची घोषणा झाली तेव्हा घडवणाऱ्यांनी काळोखाकडे परत जात असल्याचं आवर्जून सांगितलं, जुन्या युरोपीय चित्रकारांचं नाव घेतलं. २००८ च्या निवेदनावर सही करणाऱ्यांना जून २०२३ मध्ये हवं ते मिळालं. गेम खरोखर देखणा आहे. बर्फातून चालणारा एकटा माणूस, कंदिलाचा पिवळा डाग, चिखलात रुतलेली गाडी. पण पन्नास तासांनंतर एक तळघर दुसऱ्यापासून वेगळं आठवत नाही. विल्सन यांनी २००८ मध्ये दिलेला इशारा इथे खरा ठरतो, आणि उजेडाचं ते जुनं वर्तुळ याही भागात पहिल्या ताकदीने परतलेलं नाही.

याच्या उलट ‘एल्डन रिंग’ पाहावा. २०२२ चा हा गेम सोन्यात न्हालेला आहे. आभाळाला टेकलेलं एक सोनेरी झाड जवळजवळ प्रत्येक चौकटीत चमकतं, झाडांची पानं शेंदरी, सरोवरं निळी. तरीही त्या झाडाखाली उभं राहिलं की छातीत धस्स होतं, कारण त्याच्या सावलीतलं सगळं सडत चाललेलं आहे. हिरवळीवर घसरणाऱ्या त्या सगळ्या निवेदनांना याहून चांगलं उत्तर कोणी दिलेलं नाही.

पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ आणला तेव्हा हा वाद झालाच नाही. भारतीय पुराणकथेचा व्हिडिओ गेम कसा दिसतो याची कोणाच्या मनात जुनी आठवणच नव्हती, मग ती मोडल्याचा राग कुठून येणार? ही मोकळीक त्या छोट्या चमूने पुरेपूर वापरली. रंग पहाडी लघुचित्रांच्या वळणाचे, महाल राजस्थानी. कॅमेरा बहुतेक वेळ लांब उभा, त्यामुळे त्रिशूळ घेतलेली राजी भल्यामोठ्या प्रांगणात मुंगीएवढी दिसते आणि दुर्गा व विष्णू वरून तिच्याबद्दल बोलत असतात. या गेमच्या मारामारीत कच्चे दुवे आहेत, पण चित्रांत नाहीत.

त्यातले कथेचे दुवे सांगणारे प्रसंग सावल्यांच्या बाहुल्यांसारखे येतात. मागे तांबूस उजेड, पुढे नक्षीदार कापलेल्या आकृत्या, त्यांचे सांधे अडखळत हलतात. राक्षसाचा पसरलेला हात आधी पडद्यावर येतो, राक्षस नंतर. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीला ठाकर कलाकारांच्या चामड्याच्या बाहुल्या ज्याने दिव्यासमोर हलताना पाहिल्या असतील, त्याला हा हात लगेच ओळखीचा वाटेल. तिथेही कातड्याला भोकं पाडलेली असतात, त्यातून उजेड ठिपक्याठिपक्यांनी पडद्यावर येतो आणि रावण मोठा होत जातो, कारण बाहुली धरणारा माणूस ती पडद्यापासून दूर, दिव्याकडे नेत असतो.