करुणेचा हिशेब कीं करुणेची कथा ?

राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’मध्यें एक मोठी मनोहर कथा आली आहे. सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष रुसून बाहेर पडला. त्याचें मन वळविण्यासाठीं गौरीनें साहित्यविद्यावधू निर्माण केली. ती त्याच्या मागोमाग देशोदेशीं हिंडली. आणि शेवटीं विदर्भांतील वत्सगुल्म नगरांत त्या उभयतांचा गांधर्वविवाह झाला. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेलें हें वत्सगुल्म म्हणजेच आजचें वाशीम. १ जुलै १९९८ रोजीं अकोल्यापासून वेगळा होऊन त्या नांवाचा स्वतंत्र जिल्हा झाला. ज्या भूमीवर काव्य आणि साहित्यविद्या यांचें लग्न लागलें असें आपले पूर्वज सांगत आले, त्याच भूमीवरील एका लहानशा समाजाची साहित्याशीं अद्याप ओळखहि झालेली नाहीं, हें सांगण्यासाठीं आम्ही आज लेखणी उचलीत आहों. तो समाज म्हणजे तेथील कॅथलिक ख्रिस्ती धर्मग्राम.

‘धर्मग्राम’ हा शब्द आमच्या पुष्कळ वाचकांस अपरिचित असेल. एका धर्मगुरूच्या देखरेखीखालीं, एका ख्रिस्तमंदिराभोंवतीं जमलेला जो श्रद्धावंतांचा समुदाय, त्यास मराठी कॅथलिक हें नांव देतात. अशा अनेक धर्मग्रामांचा मिळून एक धर्मप्रांत होतो. वाशीम जिल्हा ज्यांत मोडतो तो अमरावतीचा धर्मप्रांत १९५५ सालीं नागपूरच्या धर्मप्रांतांतून वेगळा काढण्यांत आला. शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. पण तो खरा शोभतो वसईला. तेथें सोळाव्या शतकापासून गांवेंच्या गांवें ख्रिस्ती आहेत. मंदिर मध्यें, भोंवतीं वाड्या, विहिरी आणि बागायत. लग्न असो कीं मयत असो, सारा गांव त्यांत असावयाचा. वाशिमाकडे धर्म आहे, पण ग्राम नाहीं. २०११ सालच्या खानेसुमारीप्रमाणें जिल्ह्याची लोकसंख्या बारा लाखांच्या घरांत. तींत ख्रिस्ती वस्ती अत्यल्प, आणि जीं थोडीं घरें आहेत तीं विखुरलेलीं. अशा घराचा शेजारी बहुधा हिंदु, बौद्ध किंवा मुसलमान. मग तेथील समूहजीवन म्हणजे केवळ रविवारच्या प्रार्थनेस एकत्र येणाऱ्यांचें जीवन नव्हे. सोमवारपासून शनिवारपर्यंत ज्यांच्यांत वावरावयाचें, त्या परधर्मीय शेजाऱ्यांसह जगण्याचें तें जीवन आहे. वसईचें वर्णन उचलून वाशिमास लावतां येत नाहीं तें ह्याच कारणानें.

अशा धर्मग्रामांविषयीं मराठींत जें लिहिलें जातें तें बहुधा स्मरणिकेंत. कोठें रौप्यमहोत्सव असतो, कोठें सुवर्णमहोत्सव. आरंभीं बिशपांचा आशीर्वादपर संदेश, मग आजवरच्या धर्मगुरूंची सालवार नामावळी, कोनशिलेचें छायाचित्र, शाळेच्या निकालाची टक्केवारी, दवाखान्यांत तपासलेल्या रुग्णांची संख्या, आणि शेवटीं देणगीदारांची यादी. ह्या कागदांची आम्ही थट्टा करीत नाहीं. हिशेब चोख ठेवणें हाहि एक धर्मच आहे. परंतु हिशेब म्हणजे वाङ्मय नव्हे. रुग्ण किती आले तें कळतें. परंतु त्यांतली एखादी म्हातारी औषध घेतांना काय बोलली, पायरीवर बसून तिनें कोणास शिव्या दिल्या, कशाचा हट्ट धरला, आणि गोळ्या दिल्यावर त्या खरोखर घेतल्या कीं कनवटीस लावून नातवासाठीं नेल्या, हें कोठेंहि येत नाहीं. सेवा करणारा सनाम आहे; ज्याची सेवा झाली तो केवळ एक आंकडा आहे.

कोणी म्हणेल, ह्यांत एवढें काय बिघडलें? पुष्कळ बिघडतें, असें आमचें मत आहे. ख्रिस्ती सेवेवर आपल्याकडे एक आरोप फार जुना आहे: ही सेवा निर्हेतुक नव्हे, तें धर्मांतराचें आमिष आहे. १९५४ सालीं तेव्हांच्या मध्यप्रदेश सरकारनें न्यायमूर्ति भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखालीं मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करण्यासाठीं समिति नेमली. वऱ्हाड त्या वेळीं त्याच राज्यांत होता. १९५६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या समितीच्या अहवालांत शाळा आणि दवाखाने यांच्या धर्मांतरासाठीं होणाऱ्या उपयोगावर कडक टीका होती. ख्रिस्ती बाजूनें त्या अहवालास तितकाच कडक विरोध झाला. त्या वादाचा निवाडा करण्याचें हें स्थळ नव्हे. आम्हांस दिसतें तें एवढेंच कीं, दोन्ही बाजूंच्या कागदांत एका माणसाचें बोलणें फार थोडें ऐकूं येतें. तो म्हणजे खुद्द त्या दवाखान्याच्या पायरीवर बसलेला माणूस. एक म्हणतो, ह्याचें भलें केलें; दुसरा म्हणतो, ह्याला फसविलें. दोघांच्याहि लेखीं त्यास स्वतःची बुद्धि नाहीं. आंकड्यांनीं संशय जात नाहीं; उलट आंकडे जितके मोठे, तितका संशय मोठा.

म्हणून सेवेविषयींच्या लेखनाची कसोटी आम्हांस अशी मांडावीशी वाटते: त्यांत ज्याची सेवा झाली तो केवळ उपकृत म्हणून येतो, कीं शेजारी म्हणून? उपकृत हात जोडून उभा असतो आणि त्याचें एकच वाक्य ठरलेलें असतें. शेजारी मात्र प्रश्न विचारतो, भांडतो, उसनें नेतो आणि वेळप्रसंगीं उसनें देतोहि. मराठींतील ख्रिस्ती वाङ्मयाकडे ह्या दृष्टीनें पाहिलें, तर त्याचे टिकलेले ग्रंथ कां टिकले ह्याचा उलगडा होतो.

पहिला ग्रंथ अर्थात् फादर थॉमस स्टीफन्स यांचें ‘ख्रिस्तपुराण’. हा इंग्रज जेझुइट १५७९ सालीं गोव्यास आला, साष्टींतील खेड्यांतून सुमारें चाळीस वर्षें राहिला आणि १६१९ सालीं तेथेंच वारला. १६१६ सालीं रायतूर येथें रोमन लिपींत छापलेला हा जवळजवळ अकरा हजार ओंव्यांचा ग्रंथ म्हणजे एका अर्थीं धर्मग्रामाची गरज भागविण्यासाठीं लिहिलेलें पुस्तक होय. तो कसा जन्मास आला तें ग्रंथकारानें आरंभींच नमूद केलें आहे. नवख्रिस्ती श्रोत्यांपैकीं एक जण पाद्रीगुरूस विचारतो कीं, आमचीं जुनीं पुराणें तुम्हीं बंद केलीं; मग त्यांच्या जागीं वाचावयास दुसरें कांहीं कां देत नाहीं? ह्या प्रश्नांत विनंति आहे, पण गाऱ्हाणेंहि आहे. आणि त्या गाऱ्हाण्यास आधार होता. गोव्यांत १५६० सालीं धर्मसमीक्षण न्यायालय स्थापन झालें होतें. १५६७ च्या सुमारास साष्टींतील देवळें पाडण्यांत आलीं. १५८३ सालीं कुंकळ्ळी येथें पाद्र्यांची हत्या झाली आणि मागाहून त्या गांवच्या पुढाऱ्यांस दग्यानें ठार मारण्यांत आलें. ज्या लोकांचें एवढें हिरावून घेतलें, त्यांच्याविषयींच्या करुणेची भाषा करणें सोपें नव्हतें, आणि स्टीफन्स यांचें मराठीवरील प्रेम कितीहि खरें असलें, तरी तें त्या सत्तेच्या छायेंत वाढलें हें टीकाकारानें विसरूं नये.

परंतु तेवढें सांगून झाल्यावर हेंहि सांगितलें पाहिजे कीं, स्टीफन्स यांनीं तो प्रश्न गाळला नाहीं. श्रोत्याचें गाऱ्हाणें ग्रंथाच्या दारांतच बसविलें, आणि उत्तर दिलें तें त्याच्या भाषेंत, त्याच्या ओंवींत, त्याच्या पुराणाच्या घाटांत. त्यामुळें ग्रंथ देणाऱ्याचा राहिला नाहीं, घेणाऱ्याचा झाला. मंदिरांतून तो वाचला जाऊं लागला. पुढें १६८४ सालीं पोर्तुगीज सरकारनें देशी भाषा तीन वर्षांत सोडून देण्याचा हुकूम काढला. छापील जुन्या प्रतींपैकीं आज एकहि हातीं लागत नाहीं. परंतु हस्तलिखितांच्या रूपानें लोकांनीं पुराण जपलें, आणि १९०७ सालीं मंगळूर येथें जोसेफ साल्ढाना यांस तें पुन्हां छापतां आलें. सरकारी हुकुमापेक्षां ओंवी अधिक काळ टिकली, कारण ती मागून घेतलेली होती.

दुसरा ग्रंथ लक्ष्मीबाई टिळकांचा. टिळक दांपत्य कॅथलिक नव्हे, प्रॉटेस्टंट. तरी ख्रिस्ती सेवाजीवनाचें मराठींतील सर्वोत्तम चित्र ‘स्मृतिचित्रां’तच आहे, आणि त्यास वगळून हा विचार पुरा होणार नाहीं. १८९५ सालीं नारायण वामन टिळकांनीं बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनीं घेतला तो पांच वर्षांनीं, १९०० सालीं. मधल्या काळांतील विटाळ, रुसवे, वेगळी चूल, वेगळें पाणी, हें सारें त्यांनीं इतक्या मोकळेपणें लिहिलें आहे कीं, धर्मांतर म्हणजे एका दिवसाचा विधि नसून एका बाईनें स्वतःशीं घातलेला दीर्घ वाद आहे हें वाचकास कळून येतें. पुढें त्या घरांत पोरक्या मुलांची वर्दळ सुरू झाली. दुसऱ्या कोणी तीं पानें करुणरसानें भिजवून काढलीं असतीं. लक्ष्मीबाई चिडतात, हसतात, पैसा पुरत नाहीं म्हणून नवऱ्याशीं भांडतात, आणि तरीहि दार उघडेंच राहतें. येथें करुणा हा शब्द न उच्चारतां करुणा दिसते. १९३४ ते १९३६ ह्या काळांत प्रसिद्ध झालेलें हें पुस्तक आजहि घरोघर वाचलें जातें, आणि ख्रिस्ती नसलेला वाचक तें परक्याचें म्हणून वाचीत नाहीं.

तिसरें उदाहरण आपल्याच काळांतील, वसईचें. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं ‘सुवार्ता’ मासिकाच्या संपादनाचें काम अनेक वर्षें केलें आणि तें मासिक धर्मग्रामाच्या कुंपणाबाहेरच्या वाचकांपर्यंत नेलें. हरित वसईच्या लढ्यांत पाणी आणि जमीन ह्या प्रश्नांवर ते सर्वधर्मीय गांवकऱ्यांच्या बरोबर उभे राहिले. २०२० सालीं उस्मानाबाद येथील मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हां केवळ ख्रिस्ती धर्मगुरु म्हणून त्यांस कांहींनीं विरोध केला. संमेलन मात्र पार पडलें. २०२४ सालीं ते निवर्तले. त्यांच्या लेखनांत प्रवचनाचा सूर कधीं कधीं वरचढ होतो, हा दोष आम्हांस जाणवतो. तथापि पाण्याच्या प्रश्नावर जेव्हां धर्मगुरु आणि शेतकरी एकाच बाजूला उभे असतात, तेव्हां कोण कोणाची सेवा करतो हा भेदच उरत नाहीं. वसईच्या वाङ्मयास बळ आलें तें तेथून.

ह्यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाहीं. करुणा ही मुकी असावी, तिचा बोभाटा करूं नये, असें ख्रिस्ताचेंच शिक्षण आहे. शिवाय शोमरोनी प्रवाशाच्या प्रसिद्ध दृष्टांतांत लुटला गेलेला, रस्त्यांत पडलेला माणूस एक अक्षरहि बोलत नाहीं; मग आमच्या कसोटीचें काय? दृष्टांत पुन्हां वाचावा. त्याचा आरंभ ‘माझा शेजारी कोण?’ ह्या प्रश्नानें होतो, आणि शेवटीं ख्रिस्त तो प्रश्नच उलटा करतो: त्या घायाळ माणसाचा शेजारी कोण ठरला? म्हणजे सारी गोष्ट अखेर घोड्यावर बसलेल्याच्या नव्हे, धुळींत पडलेल्याच्या जागेवरून पाहिली आहे. तो बोलत नाहीं, पण निवाडा त्याच्या बाजूनें होतो. बोभाटा नको हें खरें. पण स्मरणिकेंतील देणगीदारांची यादी हा बोभाटाच नव्हे काय? १८३३ सालीं पॅरिस येथें फ्रेडरिक ओझानाम यांनीं आरंभिलेला, व्हिन्सेंट डी पॉल यांच्या नांवाचा जो संघ पुढें देशोदेशींच्या धर्मग्रामांत पसरला, त्याच्या कार्याचा गाभा गृहभेट हा आहे. मदत दारांत बोलावून द्यावयाची नाहीं. गरिबाच्या घरीं जाऊन बसावयाचें. तेथें देणारा पाहुणा असतो आणि घेणारा यजमान. त्या घरांत पुढें आलेल्या चहाच्या कपाविषयीं जर कोणी खरेपणानें लिहिलें, तर दहा अहवालांचें काम होईल.

आणि वऱ्हाडास असें लेखन परकें नाहीं. अमरावतीकडील ऋद्धिपुरास म्हाइंभटांनीं ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलें, तें चक्रधरांच्या सान्निध्यांत आलेल्या साध्यासुध्या बायामाणसांना त्यांचे प्रसंग विचारून विचारून. त्या लीळांत शिष्या शंका काढतात, चुकतात, रागावतात. म्हणून सातशें वर्षांनंतरहि त्या जिवंत वाटतात. त्याच मुलुखांत गाडगेबाबा जन्मले. त्यांचें कीर्तन म्हणजे समोरच्या अडाणी माणसाला प्रश्न विचारून त्याच्या तोंडून उत्तर काढणें. सेवेंत दुसऱ्यास बोलतें करण्याची ही शिकवण वऱ्हाडाच्या मातींतलीच आहे. द्वितीय व्हॅटिकन परिषदेनें १९६३ सालीं उपासनेंत लोकभाषेस वाट करून दिली आणि लॅटिनच्या जागीं मराठी प्रार्थना ऐकूं येऊं लागली. परंतु वेदीवर मराठी आली म्हणजे ओसरीवर आली असें होत नाहीं. वाशिमाच्या धर्मग्रामाचें लेखन व्हावयाचें, तर तें संदेशाच्या पुस्तकी मराठींत होणार नाहीं. सोयाबीन गेलें त्या वर्षीं कोण कोणाच्या घरीं गेलें, तांड्यावरची बाई दवाखान्याच्या नर्सबाईस काय म्हणाली, ईदेच्या दिवशीं आणि नाताळच्या दिवशीं कोणाची वाटी कोणाच्या घरीं गेली आणि एके वर्षीं कां गेली नाहीं, हें वऱ्हाडी बोलींतच सांगतां येईल. त्यांतला शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. न गेलेल्या वाटीविषयीं लिहिण्याचें धैर्य ज्या लेखनांत नाहीं, त्यानें गेलेल्या वाटीचें कितीहि कौतुक केलें तरी कोणी विश्वास ठेवणार नाहीं.

अशा लेखनानें जुना संशय एका दिवसांत फिटेल असें आम्हांस वाटत नाहीं. परंतु शेजाऱ्यास शेजाऱ्याची गोष्टच ठाऊक नसली, तर दोघांमध्यें अफवेखेरीज दुसरें कांहीं उरत नाहीं. पुढील महोत्सवाच्या स्मरणिकेंत चार पानें मोकळीं ठेवावीं, आणि तीं धर्मगुरूंनीं किंवा शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनीं न लिहितां पायरीवर बसणाऱ्या त्या म्हातारीस सांगूं द्यावीं. तिच्या शिव्यांसकट तीं छापावीं. काव्यपुरुष रुसून गेला होता तेव्हां साहित्यविद्येलाच त्याच्या मागें पायपीट करावी लागली. तो आपण होऊन वत्सगुल्मास आला नव्हता.