जंजिऱ्यापासून सचिनपर्यंत

जंजिऱ्याच्या मोहिमांवरील आमचे लेखन वाचताना एक उणीव वारंवार जाणवते. कलालबांगडी तोफेची वर्णने रंगतात. १६८२ साली संभाजीराजांनी समुद्रात घालू पाहिलेल्या सेतूवर पानेच्या पाने खर्ची पडतात, आणि ती पडावीतच. परंतु १७३६ साली चिमाजी अप्पांशी झालेल्या लढाईत सिद्दी सात पडला, की लेखणी विसावते. सुरतेच्या मोगली खजिन्यातून सिद्दीच्या आरमारास मिळणारा पैसा, हे त्याचे खरे बळ, ओझरतेच येते. पुढे १७९१ साली जंजिऱ्यावरील हक्काच्या मोबदल्यात पेशव्यांनी सिद्दी अब्दुल करीमखानास सुरतेजवळचा सचिनचा मुलूख दिला. त्यास फार तर तळटीप लाभते. हक्क लिहून मिळाला, किल्ला मात्र १९४८ पर्यंत सिद्दींकडेच राहिला. या कराराशिवाय लिहिलेला जंजिऱ्याचा वृत्तान्त आम्ही अपुरा मानतो.