प्रमाण आणि प्रत्यक्ष : व्यापारी इमारतींच्या संदर्भ-भारालेखांचा विचार

व्यापारी इमारतींच्या ऊर्जावापराचे प्रतिमान रचताना अभ्यासकापुढे पहिली अडचण येते ती मोजमापांची. इमारत अद्याप उभी राहिलेली नसते, किंवा उभी असली तरी तिच्या मीटरची तासवार नोंद उपलब्ध नसते. हाती असतात ती केवळ मासिक बिले. अशा वेळी संदर्भ-भारालेखाचा आश्रय घेतला जातो. वर्षाच्या ८,७६० तासांपैकी प्रत्येक तासाला एखादे कार्यालय, शाळा वा रुग्णालय किती वीज घेईल, याची क्रमवार मांडणी म्हणजे भारालेख. व्यवहारात यालाच ‘लोड प्रोफाइल’ म्हणतात. हा आश्रय घेणे गैर नव्हे. आक्षेप आहे तो त्याचे स्वरूप न तपासता तो घेण्याला.

या क्षेत्रात पुष्कळ वापरला गेलेला संच अमेरिकेच्या ऊर्जा विभागाचा होय. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अहवालात इमारतींचे १६ प्रकार आहेत (त्यांपैकी एक निवासी सदनिकांचा), हवामानाची प्रातिनिधिक अशी १६ ठिकाणे आहेत, आणि १९८० पूर्वीच्या, १९८० नंतरच्या व नव्या असे बांधकामाचे तीन वर्ग आहेत. एकूण प्रतिमाने ७६८ होतात. त्यांचे भारालेख ‘एनर्जीप्लस’ या संगणक-प्रणालीतून गणिताने निष्पन्न होतात. ते कोणत्याही मीटरवर वाचलेले नव्हेत. ऊर्जाबचतीचे निरनिराळे उपाय एकाच पायावर तोलून पाहावेत, हा या संचाचा मूळ हेतू होता, आणि त्या हेतूपुरता तो निःसंशय उपकारक आहे.

घोटाळा सुरू होतो तो ‘संदर्भ’ या शब्दाच्या अर्थविस्तारापासून. तुलनेसाठी मानलेला संदर्भ हळूहळू ‘सरासरी’ समजला जातो, आणि पुढे ती सरासरी हीच वस्तुस्थिती मानली जाते. प्रमाणभाषेच्या बाबतीतही असेच घडते. व्याकरणकाराने सोयीसाठी स्थिर केलेले रूप सर्वांच्या तोंडी आहे असे गृहीत धरले, की बोलींचे वैविध्य दोषासारखे भासू लागते. प्रमाणरूपाने तुलना साधते. अमुक गावचा माणूस काय बोलेल, याचे भाकीत त्यातून करता येत नाही.

या अर्थभ्रमाची किंमत पैशांत मोजता येते. वर्षाला ८,७६,००० युनिटे वापरणाऱ्या इमारतीचा सरासरी भार १०० किलोवॉट होतो. तिचा भारगुणक ४० टक्के धरल्यास कमाल मागणी २५० किलोवॉट येते. ६० टक्के धरल्यास सुमारे १६७. संदर्भ-भारालेख केवळ वार्षिक वापराच्या प्रमाणात लहानमोठा केला, तर मूळ प्रतिमानाचा भारगुणक त्याबरोबर जसाच्या तसा येतो. बेरीज जुळते, शिखर जुळेलच असे नाही. मागणी-आकाराची बचत हिशेबात धरून विद्युत्-संचयनाची क्षमता ठरवावयाची असेल, तर सारा निर्णय त्या शिखरावरच उभा असतो.

कालमापनाचीही अशीच गोष्ट आहे. एका तासातील चार पंधरा मिनिटांत भार १००, १००, १०० आणि १८० किलोवॉट असेल, तर तासाची सरासरी १२० भरते. मागणी-आकार पंधरा मिनिटांच्या मापाने लागत असल्यास बिल १८० वर निघते. तासवार भारालेखात तो आकडा दिसतच नाही. उलट, एकाच भारालेखाच्या हजार प्रती मिळवून शहराचा भार काढला, तर हजार इमारतींचे दिवे एकाच क्षणी लागतात आणि शिखर फुगते. एकट्या इमारतीचे शिखर जो आलेख दडवतो, तोच समूहाचे शिखर वाढवून दाखवतो.

हवामानाचे वर्षही संदर्भापुरतेच असते. निरनिराळ्या वर्षांतून सर्वसाधारण वाटणारे महिने निवडून ते जोडलेले असते. त्यामुळे असाधारण उष्णतेची लाट त्यात आढळेलच असे नाही. शिवाय या संचाचा बराच आधार २००३ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणावर आहे. २०२० नंतर अनेक कार्यालयांत घरून काम करण्याची पद्धत आली. तिची चाहूल त्या आकड्यांना असणे शक्य नव्हते.

२०२१ मध्ये अमेरिकेतील राष्ट्रीय प्रयोगशाळांनी या उणिवांची दखल घेऊन नवा संच सिद्ध केला. त्यात व्यापारी इमारतींची सुमारे साडेतीन लाख प्रतिमाने असून नोंदी पंधरा मिनिटांच्या आहेत, आणि प्रत्यक्ष मापनांशी ताळा घालून त्या सुधारून घेतलेल्या आहेत. ही प्रगती मोठी खरी. तथापि इमारतींच्या समूहाविषयी जे विश्वसनीय ठरते, ते त्यातील एकेका इमारतीविषयी तसे ठरत नाही.

तात्पर्य, संदर्भ-भारालेख त्याज्य नाही. त्याचा अधिकार मर्यादित आहे. दोन उपायांची तुलना करणाऱ्या प्रबंधाने तो निःशंकपणे वापरावा. एखाद्या विशिष्ट इमारतीच्या खर्चाविषयी निष्कर्ष काढणाऱ्याने मात्र निदान काही आठवड्यांची मीटर-नोंद मिळवून आलेखाचा आकार पडताळावा, आणि ते अशक्य असल्यास भारगुणक बदलून निष्कर्ष टिकतो की नाही, हे दाखवावे. एवढे न करता मांडलेला निष्कर्ष इमारतीविषयी नसून संदर्भाविषयीच असतो.