‘गाभा’ की ‘स्तंभ’? : पाणथळीतील मृदानमुन्यांची एक चिकित्सा

पाणथळ भूमीतील मातीचे उभे नमुने अल्पखर्ची साधनांनी काढण्याच्या पद्धतीवर आक्षेप घेतला जातो तो बहुधा साधनांच्या ओबडधोबडपणावर. हा आक्षेप अस्थानी होय. दोन इंची प्लास्टिकचा नळ, कानशीने धारदार केलेले त्याचे खालचे तोंड, ठोकण्यास लाकडी ठोकळा आणि उपसताना वरचे तोंड बंद करण्यास घट्ट रबरी बूच एवढ्या सामग्रीवर मऊ गाळात पुष्कळ काम होते. उणीव आहे ती नोंदीत, आणि काही अंशी परिभाषेत.

‘कोअर’साठी ‘गाभा’ हा शब्द भूगोलाने पृथ्वीच्या अंतर्भागाच्या संदर्भात रूढ केला. तोच या नमुन्यास लावण्याचा मोह सहज होतो. परंतु केळीचा गाभा म्हणजे सोपटे टाकून उरलेले सार. मृदानमुन्यात टाकावयाचे काहीच नसते. कोणता थर कोणत्या खोलीवर होता, यातच त्याचे मोल. ‘स्तंभ’ या शब्दात निदान वर-खालचे भान आहे.

हे भान सुटले की चूक आकड्यांत उतरते. नळ 60 सेंटिमीटर रुतवला आणि आतील मातीचा पृष्ठभाग बाहेरच्यापेक्षा 9 सेंटिमीटर खाली गेलेला आढळला, तर हाती 51 सेंटिमीटरचाच स्तंभ येतो. म्हणजे नळातील 10 सेंटिमीटर हे मूळचे सुमारे पावणेबारा. ही दोन मापे नळ उपसण्यापूर्वीच घ्यावी लागतात. ती न घेता शुष्क वजनास दबलेल्या घनफळाने भागले, तर घनता आणि तिच्यावर बेतलेला कार्बनसंचय, दोन्ही फुगतात. शिवाय सर्व थर सारखे दबतात हे गृहीतही कच्चेच. मुळांच्या जाळीचा सैल थर अधिक दबतो आणि कधी नळाच्या तोंडाशी बूच बसून खालचा गाळ आत शिरतच नाही. बाजूने कापणाऱ्या रशियन धर्तीच्या अर्धनळीने हे बरेचसे टळते, पण ती महाग.

कल्याण व उल्हासनगर यांच्या दरम्यानच्या विठ्ठलवाडीस हा प्रश्न निव्वळ शाब्दिक राहत नाही. अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून येणारी वालधुनी येथून जाऊन उल्हास नदीस मिळते. कारखान्यांचे सांडपाणी तिने दीर्घकाळ वाहिले आहे. त्यातील धातू बारीक गाळास चिकटून राहतात. मात्र ‘खालचा थर जुना’ हा नियम येथे डोळे मिटून लावता येत नाही. 26 जुलै 2005 सारखा पूर काठ खरवडतो, भराव जुन्या मातीस वर आणतो, खेकड्यांची बिळे थर मिसळतात. 2022 मध्ये रामसर यादीत आलेल्या ठाणे खाडीच्या तिवरांतही बिळांची अडचण आहेच.

म्हणून एका महागड्या नमुन्यापेक्षा हाताच्या अंतरावर काढलेले तीन स्वस्त स्तंभ येथे अधिक बोलतात. तिघांत थरांचा क्रम जुळला तरच त्यावर काळाची भाषा करावी. हातमोजे अर्थातच हवेत. आणि प्रत्येक नळावर वरचे तोंड दाखविणारा बाण, न पुसणाऱ्या शाईने, काठावरच काढलेला असावा.